कादंबरीची पहिली तीन प्रकरणं आत्ताच कापू की सगळं लिहून झाल्यावर?

आत्ता कापू नका, आधी शेवटापर्यंत लिहून काढा आणि मग थेट चौथ्या प्रकरणापासून वाचून बघा. तुम्हीच म्हणताय की पहिल्या तिनांत नागपूरच्या महाल भागातला वाडा, आजोबांचं इतवारीतलं दुकान, नायिकेचं बालपण वगैरे आहे आणि गोष्ट खरी हलते ती चौथ्यात, ती बर्डीवर बस पकडते तिथून. मी इथे नागपुरात ओळखीच्यांची हस्तलिखितं वाचून देतो, बहुतेकांचं असंच असतं, सुरुवातीची पानं लेखक स्वतःला पात्रं समजावीत म्हणून लिहितो, वाचकाला त्यातलं थोडंच लागतं, पण कोणतं थोडं ते शेवट हातात आल्याशिवाय कळत नाही ना. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेनेसुद्धा 'द सन ऑल्सो राइजेस' या कादंबरीची सुरुवात त्याचा लेखक-मित्र फिट्झगेराल्डच्या सल्ल्यावरून १९२६ मध्ये काढून टाकली, तीही पुस्तक पूर्ण झाल्यावर, छपाईच्या तोंडावर. कापलेलं डिलीट मारू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. आधी काहीच न वाचलेल्या एखाद्याला चौथ्यापासून वाचायला द्या, जिथे तो "हे आजोबा कोण बे?" असं विचारेल तिथेच दोन ओळी टाका, जमलं तर संवादात, सगळी तर्री एकदम पोह्यांवर ओतायची नाही. फक्त मधेच निवेदन 'मी'वरून 'ती'वर गेलं असेल किंवा नायिकाच बदलली असेल तर थांबू नका, पहिलं प्रकरण लगेच नव्याने लिहा, नाहीतर पुढचा सूर सापडत नाही.