किडनीचा आजार आणि चॉकलेट: तुमचे प्रश्न

प्रश्न: वय ६१, क्रिएटिनिन १.९, बीपीची गोळी चालू आहे. शुगर नाही. वाढदिवसाला नातवाने चॉकलेटची वडी हातावर ठेवली, ती सुनेने लगेच काढून घेतली. एवढंही चालत नाही का? (अंबाजोगाई)

उत्तर: सुनेने काळजीपोटी काढली, पण एका वडीने काही बिघडलं नसतं. क्रिएटिनिन किडनी किती काम करते ते सांगतं, पण एकट्या त्यावरून पथ्य ठरत नाही. थकलेली किडनी पोटॅशियम आणि फॉस्फरस नीट बाहेर टाकत नाही, म्हणून रक्तातलं त्यांचं प्रमाणही बघावं लागतं. पोटॅशियम ५ च्या आत असेल, तर दुधाच्या चॉकलेटची १० ग्रॅमची वडी अधूनमधून खुशाल खा. तिच्यात पोटॅशियम साधारण ४० मिलिग्रॅम, तर मध्यम केळ्यात ४०० च्या वर. चॉकलेट हिसकावणाऱ्या घरातच ‘ताकद येईल’ म्हणून केळी नि शहाळं आग्रहाने देतात, हे मी रोज बघते आणि जीव कळवळतो. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. रिपोर्ट जुना असेल तर आधी नवा करून घ्या.

प्रश्न: माझं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. डार्क चॉकलेट हृदयाला चांगलं असं मोबाइलवर वाचलं. रोज दोन वड्या खाऊ का? (परभणी)

उत्तर: नको. कोको जितका जास्त, तितकं पोटॅशियम जास्त. १०० ग्रॅम दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ३७० मिलिग्रॅमच्या आसपास, तर ७० टक्के कोकोच्या डार्कमध्ये ७०० च्या घरात. फॉस्फरसही डार्कमध्येच जास्त. अंगाला खाज सुटते, हाडं दुखतात, त्यामागे बरेचदा हेच फॉस्फरस असतं. खावंसं वाटलंच तर दुधाच्या चॉकलेटची एक वडी, काजू-बदाम नसलेली, आणि तीही डॉक्टरांना विचारून. दोन डायलिसिसमधल्या मोठ्या खंडात तर टाळाच.

प्रश्न: मला मुतखडा होऊन गेला. चॉकलेट बंद करू का? (जालना)

उत्तर: खडा ऑक्झलेटचा असेल तर कोको कमी करा, कारण कोकोतही ऑक्झलेट असतं. खाल्लंच तर दुधासोबत खा. दुधातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या. पण हा पाण्याचा सल्ला डायलिसिसवरच्या शेजाऱ्याला देऊ नका, त्याला पाणी मोजूनच प्यावं लागतं.

प्रश्न: वडिलांना शुगर आहे, इन्सुलिन घेतात, डायलिसिसही चालू आहे. परवा येताना गाडीतच घाम फुटला, हात थरथरले, शुगर ५५ निघाली. आम्ही पिशवीत चॉकलेट ठेवतो, तेच दिलं. बरोबर केलं ना? (लातूर)

उत्तर: जवळ होतं ते दिलंत, ठीक. पण पुढच्या वेळी चॉकलेट नको. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा उतरते, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे नसतो. छोट्या डबीत साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवा. चहाच्या चमच्याने तीन चमचे, साधारण १५ ग्रॅम, अर्धा कप पाण्यात विरघळवून पाजा. १५ मिनिटांनी तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. मोसंबीचा रस देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट याच आठवड्यात करा. किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून जुना डोस आता भारी पडत असेल. ५५ चा आकडा आणि त्याची वेळ कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.