डब्लिनला यायचं का, आणि आलात तर तक्रार कशी करायची

डब्लिनची नोकरी हातात आहे, बरोबर बायको आणि शाळेत जाणारी मुलगी, आणि डब्लिनच्या टाला या उपनगरातल्या हल्ल्याची बातमी पाहिल्यापासून आईच्या डोळ्याचं पाणी खळत नाही. अशात यावं का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणेन, या. पण आईला ‘तसं काही नसतं’ असं सांगून येऊ नका.

तसं असतं. जुलै 2025 मध्ये टालात एका भारतीय माणसाला टोळक्याने बेदम मारलं, त्याचे कपडे फाडले. देशात येऊन त्याला काहीच आठवडे झाले होते. त्यानंतर आणखी हल्ले झाले आणि 1 ऑगस्टला भारतीय दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली. ज्या देशात मालवणजवळच्या वराडचं मूळ असलेले वराडकर पंतप्रधान झाले, तिथेच हे घडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. लिमरिक विद्यापीठातल्या जेनिफर श्वेप आणि अमांडा हेन्स या दोघी अभ्यासक द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांवर वर्षानुवर्षं काम करतायत. तक्रारीपासून शिक्षेपर्यंत प्रकरण कसं सरकतं, याचा त्यांनी माग काढला. मारहाण कागदावर राहते, पण ती का झाली हे एकेका टप्प्यावर गळत जातं, हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा अशा गुन्ह्यांसाठी इथे वेगळा कायदाच नव्हता. तो 31 डिसेंबर 2024 पासून लागू झाला. हल्ला करताना किंवा लगेच आधी-नंतर समोरच्याने वंश, रंग, राष्ट्रीयत्व, धर्म अशा कारणावरून द्वेष दाखवला, तर शिक्षा वाढू शकते. मला हा कायदा फार मोलाचा वाटतो. पण त्याचा उपयोग व्हायचा तर तो द्वेष जबाबात आलेला हवा.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाला पोरांनी ट्राममधून उतरताना ढकललं, फोन हिसकावला आणि ‘आपल्या देशात चालता हो’ म्हणून ओरडले. जबाब द्यायला मी त्याच्यासोबत गेले होते. अधिकारी भला माणूस होता, पण जबाब वाचून दाखवला तर त्यात नुसती फोनचोरी! ओरडणं कुठेच नाही. आम्ही ते वाक्य शब्दशः, इंग्रजीत जसं होतं तसं, घालून घेतलं आणि मगच त्या मुलाने सही केली.

म्हणून सांगते, देव न करो, पण वेळ आलीच तर आधी 999 किंवा 112 लावा. मग कोण काय बोललं ते त्याच रात्री फोनमध्ये लिहून ठेवा, अगदी शिव्यांसकट. आपल्याकडे शिवी पुन्हा उच्चारायला संकोच वाटतो. इथे तो बाजूला ठेवा. गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, ‘हे मी भारतीय म्हणून झालं असं मला वाटतं’ असं स्पष्ट सांगा. द्वेषाचा गुन्हा म्हणून नोंद व्हायला तुम्हाला तसं वाटणं पुरेसं असतं, पुरावा नंतर शोधायचा. पल्स नंबर, म्हणजे त्यांच्या संगणकातला नोंद क्रमांक, मागून घ्या. तक्रार केली म्हणून परमिटला धक्का लागत नाही. ही भीती आपल्या लोकांमध्ये उगाच घट्ट बसलीय. पोलिसांकडे जायचंच नसेल, तर वंशवादविरोधी संस्थांच्या जाळ्याची आय-रिपोर्ट नावाची वेबसाइट आहे, तिथे नाव न देता नोंदवता येतं. आणि मन मोकळं करायला 116 006 हा गुन्हा सोसलेल्यांसाठीच्या हेल्पलाइनचा मोफत नंबर.

2023 साली गार्डांकडे असे गुन्हे आणि घटना मिळून 651 नोंदी झाल्या. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी काहीच नोंदवलं नाही हे पाहता मला तो आकडा फार तोकडा वाटतो.

घर बघाल तेव्हा तो भाग संध्याकाळी अंधार पडल्यावर एकदा चालून पाहा, आणि शेजारच्या भारतीय कुटुंबाला बेधडक विचारा. लोक खरं सांगतात. मुलीच्या शाळेचं आणि घरभाड्याचं सविस्तर हवं असेल तर कुठला भाग बघताय ते कळवा.