विमानाचं तिकीट नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय. अंबडच्या कारखान्यातून मार्चअखेर निवृत्त झाले, वय ६०. लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून पतीपत्नींनी सप्टेंबरअखेर बार्सिलोनाहून निघणारी सात रात्रींची क्रूझ ठरवली आहे. मार्सेय, जेनोवा, नेपल्स, पाल्मा करून जहाज परत बार्सिलोनाला येतं. ६० हजार आगाऊ भरलेत. विचारलंय एवढंच, की विमानाची तिकिटं आत्ता काढावीत की भाडं उतरायची वाट पाहावी. एजंटाने सुचवलेला प्रवास आणि दोघांचे पासपोर्ट सोबत जोडलेत. आणि पत्राच्या शेवटी ही ओळ: 'पुढच्या वर्षापासून फिरण्याची चिंता नाही. बँकेतल्या साहेबांनी एक योजना करून दिली आहे. वर्षाला ४ लाख भरायचे, दुसऱ्या वर्षापासून ४५ हजार हातात.' त्या योजनेच्या कागदांचे फोटोही आहेत.

तिकिटाचं सांगतो, पण या ओळीने मला झोप लागू दिली नाही.

ही योजना म्हणजे आयुर्विमा पॉलिसी आहे. ८ वर्षं दरसाल ४ लाख, म्हणजे ३२ लाख भरायचे. पूर्ण पैसे १५व्या वर्षी मिळणार, तेव्हा तुम्ही पंचाहत्तरीत असाल. तुमचा पगार थांबला आहे. हे ३२ लाख कुठून येणार, हे त्या साहेबांनी विचारलं का? ज्या ४५ हजारांवर तुम्ही पुढच्या सहली आखताय, ते इलस्ट्रेशनच्या, म्हणजे पुढे किती मिळू शकेल याच्या अंदाजाच्या कागदावर, ८ टक्के परतावा धरलेल्या रकान्यात आहेत. शेजारी ४ टक्क्यांचा रकाना आहे, त्यात ११ हजार लिहिलेत. दोन्हींखाली 'हमी नाही' असं छापलंय. तुम्हाला एकच रकाना दाखवला गेला, आणि याला मी फसवून विकणंच म्हणतो.

आता तुमचाच हिशोब मांडू. फंड, ग्रॅच्युइटी, बचत मिळून ५८ लाख. घरखर्च महिना ४५ हजार, वर्षाला साडेपाच लाखांच्या आत. ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन वर्षाला ४० हजार. म्हणजे ५ लाख दरवर्षी या ५८ मधूनच काढायचे. पॉलिसीचे ४ आणि सहलीचे ५ गेले की उरतात ४९ लाख. त्यावर ८ टक्के व्याज धरा, महागाई सोडून द्या, आणि पॉलिसीचे ते ४५ हजार दरवर्षी मिळाले असंही माना. सात हप्ते आणखी भरेपर्यंत ४९ चे ८ लाखांच्या आसपास उरतात. पॉलिसी नसेल तर सहल करूनही त्याच वेळी तुमच्याजवळ ४६ लाख असतील. महागाई धरली की दोन्ही आकडे खाली येतात, पण ८ लाखांतून खाली यायला जागाच नाही.

सुटकेचा रस्ता अजून उघडा आहे. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला 'फ्री लूक' म्हणतात. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक शुल्क आणि मधल्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. तुम्हाला पॉलिसी मेलवर आली त्याला १६ दिवस झालेत. छापील प्रत नंतर आली असली तरी मेलची तारीखच धरा. उद्या सकाळी विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोच अर्ज मेलवरही पाठवा. बँकेतले साहेब 'दोन वर्षं भरा, मग बघू' म्हणतील, बसवून चहा पाजतील. तिथे जाऊच नका. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा.

ते ४ लाख आले की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडा. सध्या व्याज ८.२ टक्के, कमाल ३० लाख. बाकीच्या बचतीतून पूर्ण ३० लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी साधारण ६१,५०० खात्यात जमा. तुमचा जवळपास अर्धा घरखर्च त्यातच भागतो.

आता विमान. एजंटाने मुंबई–फ्रँकफर्ट एका कंपनीचं आणि फ्रँकफर्ट–बार्सिलोना दुसऱ्या स्वस्त कंपनीचं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं दिलीत. बार्सिलोनाला पोहोचायची वेळ जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी साडेनऊची. माणशी ७ हजार, म्हणजे दोघांचे १४ हजार वाचतात. पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी काही देणं लागत नाही. जहाजही थांबत नाही. चुकलेल्या जहाजाचे पैसे परत मिळत नाहीत, आणि पुढच्या बंदरात, मार्सेयला, स्वतःच्या खर्चाने जाऊन ते गाठावं लागतं. १४ हजारांसाठी अडीच लाखांची क्रूझ पणाला लावू नका. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, दोहा, दुबई, कुठूनही चालेल, आणि आदल्या दिवशीच पोहोचा. हॉटेलची एक रात्र १२-१५ हजारांना पडेल. विमानतळ ते बंदर टॅक्सीने अर्ध्या तासाचं काम.

भाडं उतरेल का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. तुमच्या पुतण्याने सांगितलेला 'मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त' हा नियम विसरा. माणशी ७०-७५ हजारांत एक थांब्याचं बरं तिकीट दिसलं तर घ्या, तारीख बदलता येणारं घ्या, आणि मग भाडं बघणं बंद करा.

पण आज नाही. वहिनींचा पासपोर्ट ५ डिसेंबरला संपतोय. शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, स्पेन, फ्रान्स, इटली त्यातच) परतण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने तो चालू असावा लागतो. तुम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतणार, म्हणजे या पासपोर्टवर त्यांना व्हिसा मिळणार नाही. या आठवड्यात नूतनीकरणाचा अर्ज करा. नवा पासपोर्ट आला की त्याच्या नंबरावर तिकीट, मग व्हिसाची अपॉइंटमेंट. ती उन्हाळ्यात लवकर मिळत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यासाठी ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा सक्तीचा आहे. तो घेताना सहल रद्द होणं आणि जहाज चुकणं त्यात बसतं का, ते वाचून घ्या. क्रूझचे उरलेले पैसे ९० दिवस आधी, म्हणजे जूनअखेरीस भरायचे आहेत. तोपर्यंत नवा पासपोर्ट आला नसेल, तर भरण्याआधी मला एक फोन करा.