मुलगी रात्रभर उदास गाणी ऐकते. काळजी करावी का?

समुपदेशनासाठी येणारे पालक पूर्वी मूल बोलत नाही, जेवत नाही, अभ्यासात लक्ष नाही असे सांगत. आता त्यांतले काहीजण मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, 'मॅडम, ही गाणी तुम्हीच एकदा ऐकून बघा.' गाणी बहुतेक इंग्रजी असतात, शब्द पालकांना अर्धवट कळलेले असतात, पण सूर उदास आहे आणि मूल कानाला हेडफोन लावून अंधारात पडून आहे एवढे मात्र त्यांना स्पष्ट दिसलेले असते. अशी गाणी मुलाला आणखी खोल नेतील, त्यातून ते जिवाचे काही बरेवाईट करून घेईल, ही भीती त्यामागे असते. शिकवणीच्या गावांतून अधूनमधून येणाऱ्या बातम्या वाचणाऱ्या आई-बापांच्या या भीतीला मी कधीही वेडगळ म्हणणार नाही. मात्र ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी लागलेली असते, असे माझे मत आहे आणि ते एका मुलीच्या अनुभवाच्या आधारे मांडते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि हे लिहिण्याला मुलीची व तिच्या आईची संमती आहे.

मुलगी अहमदपूर तालुक्यातली. दहावीनंतर ती लातूरला आली आणि ट्यूशन एरियात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन नीटची तयारी करू लागली. मेसचा डबा, सकाळी कॉलेज, दुपारपासून क्लास, दर रविवारी टेस्ट, असा तिचा दिनक्रम होता. बारावीच्या सुरुवातीला टेस्टचे गुण घसरले. खोलीवरच्या मैत्रिणीने तिच्या आईला फोन करून सांगितले की ही रात्री झोपत नाही, एकाच बाईची गाणी लावून पडून असते. त्यानंतर आई-वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. वडिलांनी इंटरनेटवर बरीच माहिती काढून ठेवली होती. 'ही बाई आधी लेकरांच्या टीव्हीवर हसायची, नाचायची,' ते म्हणाले, 'आता हिचं सगळं रडगाणंच. हिचा जुना मित्र नशेनं मेला म्हणे. आमची पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच ऐकायलीय. हिला त्या नादाला लागू द्यायचं का?'

गायिका म्हणजे एरियाना ग्रांडे, आणि वडिलांची माहिती तुकड्यातुकड्यांत बरोबर होती. १९९३ साली फ्लोरिडात जन्मलेली ही गायिका २०१० मध्ये सुरू झालेल्या किशोरांच्या एका मालिकेतून घराघरांत पोहोचली आणि २०१३ मध्ये तिचा पहिला अल्बम आला. मे २०१७ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तिचा कार्यक्रम संपता संपता बॉम्बस्फोट झाला आणि त्यात २२ जणांचा बळी गेला. त्यानंतरचा, ऑगस्ट २०१८ मधला अल्बम बराचसा उजेडाकडे पाहणारा होता. पण तो येऊन तीन आठवडे होतात न होतात तोच तिचा पूर्वीचा जोडीदार, रॅप गायक मॅक मिलर, अमली पदार्थांच्या अपघाती अतिसेवनाने वयाच्या २६ व्या वर्षी गेला. पुढच्याच महिन्यात तिचा ठरलेला विवाहही मोडला. अशा मनःस्थितीत, आधीच्या अल्बमला सहा महिनेही झालेले नसताना, ८ फेब्रुवारी २०१९ रोजी 'थँक यू, नेक्स्ट' हा बारा गाण्यांचा अल्बम तिने प्रसिद्ध केला. पॉप संगीताच्या व्यवसायात दोन अल्बममध्ये साधारणपणे याहून पुष्कळ मोठे अंतर ठेवले जाते.

वडिलांना वाटत होते की असले रडणे कोण ऐकणार, आपलीच मुलगी वेगळी असेल. प्रत्यक्षात त्या अल्बममधली तीन गाणी एकाच आठवड्यात अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या तीन क्रमांकांवर होती. याआधी तसे केवळ १९६४ मध्ये बीटल्स या बँडच्या बाबतीत घडले होते. ही गोष्ट मी त्यांना सांगितली ती गायिकेची थोरवी पटवण्यासाठी नव्हे, तर त्यांची मुलगी अशी गाणी ऐकणाऱ्या कोट्यवधी सामान्य मुलामुलींपैकी एक आहे, एवढे त्यांच्या लक्षात यावे म्हणून.

मी तो अल्बम शब्द समोर ठेवून ऐकला. कोणत्याही पालकाने मनाई करण्याआधी निदान एवढे करावे असे मला वाटते. तो सगळा काळोखाचा नाही. त्यात फुशारकी आहे, खरेदीची चैन आहे, चेष्टा आहे, जुन्या नात्यांबद्दलची कृतज्ञता आहे, आणि याच गर्दीत एका गाण्यात गेलेल्या माणसासाठी रडणारी आणि आपल्या रडण्याचा त्रास जवळच्या माणसाला होतो म्हणून अपराधी वाटून घेणारी एक स्त्री आहे. मुलगी परत परत ऐकत होती ते नेमके हेच गाणे.

मुलीशी मी एकटीशी बोलले. ती जे सांगेल ते तिच्या परवानगीशिवाय घरी जाणार नाही, मात्र तिच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला ते सांगावे लागेल, ही मर्यादा आधीच स्पष्ट केली. नंतर सरळ विचारले की मरून जावे असे कधी मनात येते का. पुष्कळांना वाटते की असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल. तसे होत नाही, उलट विचारणारे कोणीतरी आहे याने मन हलके होते. ती म्हणाली, 'नाही मॅडम, मरावं असं नाही वाटत. पण आबा गेले तेव्हा मी बायोलॉजीचा पेपर सोडवत होते, हे डोक्यातून जात नाही.'

आबा म्हणजे आईचे वडील. गोदाकाठी गंगाखेडला त्यांचे घर होते आणि लहानपणाची बरीच वर्षे ही मुलगी तिथेच वाढली होती. आबा गेले तो रविवार होता, आणि तिची मोठी टेस्ट होती. वडिलांनी निर्णय घेतला की तिला संध्याकाळी सांगावे. संध्याकाळी सांगितले तेव्हा अंत्यसंस्कार झालेले होते. तेराव्यालाही, पुढची टेस्ट बुडेल म्हणून, तिला आणले नाही. या सगळ्यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. लेकराचे वर्ष वाया जाऊ नये, एवढीच धडपड होती. सुट्टीला घरी गेल्यावर आई आबांचे नाव काढत नसे, कारण मुलगी अस्वस्थ होईल आणि अभ्यास बिघडेल. मुलगीही नाव काढत नसे, कारण आईचे वडील गेले आहेत, तिच्यासमोर आपण रडलो तर तिला आणखी त्रास होईल. दिवसा मैत्रिणींबरोबर हसले तरी तिला अपराधी वाटे, रात्री रडले तरी अपराधी वाटे. ज्या गाण्यात रडणे आणि त्या रडण्याचे अपराधीपण एकाच वेळी कबूल केलेले आहे, ते तिला यूट्यूबवर योगायोगाने सापडले होते.

गाणे त्या दुःखाचे कारण नव्हते. घरात ज्या दुःखाला जागा उरली नव्हती, त्याने मिळेल तिथे जागा शोधली. लीला तारुफ्फी आणि स्टेफन कोल्श या संशोधकांनी २०१४ मध्ये ७७२ जणांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले होते. त्यात उदास संगीत ऐकताना लोकांना सर्वांत जास्त वेळा जाणवलेली भावना निराशा नव्हती, तर गेलेल्या दिवसांची ओढ होती. या मुलीला गाणे ऐकताना आबांच्या ओसरीतला लाकडी झोपाळा आठवे.

पण म्हणून गाण्यांना सरसकट निर्दोष ठरवणेही मला मान्य नाही. संशोधक सुवी सारिकालिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरांसाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली आहे, आणि तिचा रोख मूल कोणती गाणी ऐकते याहून अधिक ते कशासाठी ऐकते याकडे आहे. ऐकून मन मोकळे होते का, की त्याच त्या आठवणींत अडकून पडायला होते? माणसांशी जोडले जायला गाणे मदत करते, की माणसांपासून लपायला? मी मुलीला याच धर्तीवर विचारले. काही रात्री ती संपूर्ण अल्बम ऐकून, रफ वहीत आबांना पत्र लिहून झोपत असे. पण काही रात्री ते एकच गाणे पुन्हा पुन्हा लावून दोन वाजेपर्यंत पडून राही, आणि दुसऱ्या दिवशी क्लास बुडे. पहिल्या प्रकारच्या रात्रींबद्दल मला काळजी नव्हती. दुसऱ्या प्रकारच्या रात्रींबद्दल होती आणि मी ती तिला तशीच सांगितली. आम्ही ठरवले की ऐकायचे तर अल्बम सुरुवातीपासून क्रमाने ऐकायचा, कारण त्यात रडण्याच्या पुढचीही गाणी आहेत, आणि ऐकायचे ते अंथरुणात नाही.

गाण्यांपेक्षा आईशी बोलण्याने अधिक काम झाले. मुलीच्या परवानगीने मी आईला आत बोलावले आणि आबांच्या शेवटच्या दिवसांविषयी मुलीला सांगा, एवढेच म्हटले. ते ऐकण्यासाठी मुलगी कित्येक महिने थांबली होती. रुग्णालयात आबांनी काय खाल्ले, कोणाची आठवण काढली, नातीच्या परीक्षेविषयी काय विचारले, हे आईने पहिल्यांदाच सांगितले. दोघीही रडल्या आणि मला मध्ये बोलण्याची गरज पडली नाही. नंतर आईनेच विषय काढला की त्यांच्या घरी आबा पहाटे जनाबाईंचे अभंग म्हणत, त्यांत आई-बाप नसल्याचे दुःख किती उघड आहे, आणि ते ऐकून आम्ही कोणी बिघडलो नाही. जनाबाई गंगाखेडच्याच. ज्या प्रदेशात बायकांनी जात्यावर बसून माहेरचे, मरणाचे, सासुरवासाचे सगळे दुःख गाऊन मोकळे केले, तिथे परक्या भाषेतल्या एका गायिकेने तेच केले तर आपण इतके का दचकावे, असा प्रश्न मला वडिलांना विचारायचा होता. तो आईने विचारला हे बरे झाले.

असेच मूल ज्यांच्या घरी आहे त्यांनी हेडफोन काढून घेण्याआधी गाणी सुरू होण्यापूर्वी घरात काय घडले होते ते आठवून पाहावे, आणि 'यात तुला काय आवडते' असे न रागावता विचारावे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि जेवण बिघडलेले असेल, मूल मित्रांना टाळत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, आपण घरच्यांना ओझे आहोत असे बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर ते कोणती गाणी ऐकते याचा विचार बाजूला ठेवून त्वरित मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. 'टेली-मानस' ही शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते.

वर्षश्राद्ध रविवारी आले. त्या दिवशीही टेस्ट होतीच. वडिलांनी क्लासला फोन करून मुलगी येणार नाही असे कळवले आणि तिला गंगाखेडला नेले. गुण लगेच वाढले असे नाही, पण क्लास बुडणे थांबले. वडिलांना ती गायिका आजही आवडत नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले की गाण्यांचे राहू द्या, पण रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावल्याने कानाला आणि झोपेला अपाय होत नाही का. होतो, मी म्हणाले, आणि त्यांची ही काळजी अगदी योग्य जागी होती. आवाज मर्यादेत आणि अकरानंतर हेडफोन बंद, यावर मुलीने थोडी घासाघीस करून साडेअकराची वेळ मान्य करून घेतली.