कारखाना सांभाळून लोकसभा लढवायची असेल तर

ताई, तुमचा प्रश्न आणि त्याखालची सगळी उत्तरं वाचली. इचलकरंजीत तुमच्या स्वतःच्या नावावर मागाचा कारखाना आहे, रेल्वेच्या बेडरोलसाठी चादरी पुरवता, आणि एका पक्षाने हातकणंगल्यातून लोकसभेसाठी तुम्हाला विचारलं आहे. धंदा आणि खासदारकी दोन्ही जमेल का, आणि पैशाची किती तयारी हवी, असं तुम्ही विचारता. बहुतेकांनी जात, गट, नेत्याची मर्जी यावर लिहिलं आहे. ते खोटं नाही. पण कोल्हापूर-सांगली पट्ट्यात उमेदवारांचे खर्चाचे हिशेब लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि त्यावरून माझं मत असं झालंय की उद्योजिकेने आधी कारखान्याकडे बघावं आणि मग तिकिटाकडे. कारखाना तुमच्याशिवाय चालत नसेल तर अजून उभं राहायची वेळ झालेली नाही.

सगळ्यात आधी तो रेल्वेचा करार. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम ९अ तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. लोकसभा लढवणाऱ्या व्यक्तीचा केंद्र सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करून देण्याचा करार चालू असेल, तर तो चालू असेपर्यंत ती व्यक्ती अपात्र ठरते. रेल्वे म्हणजे केंद्र सरकारच. तुमची फर्म प्रोप्रायटरशिप, एकट्या मालकाची आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत करार फर्मने केलेला नाही, तुम्ही केलेला आहे. छाननीच्या दिवशी विरोधी उमेदवाराच्या वकिलाने ही एक हरकत घेतली तर तुमची सगळी मेहनत त्या टेबलावरच संपेल. भागीदारीतही हाच धोका आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं वेगळं असतं, कारण कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आणि तिचा करार संचालकाचा वैयक्तिक करार धरला जात नाही. पण म्हणून घाईने कंपनी काढून करार तिकडे सरकवता येत नाही. त्याला रेल्वेची लेखी संमती लागते आणि वेळ जातो.

त्याच कलमात तुमच्या उपयोगाचं एक स्पष्टीकरण आहे. तुमच्या बाजूने माल पूर्ण पोचला असेल आणि फक्त सरकारकडून बिलाचे पैसे यायचे राहिले असतील, तर तेवढ्यावरून करार चालू आहे असं धरत नाहीत. तेव्हा थकलेल्या बिलाची चिंता करू नका. बघायचं ते शेवटचा लॉट कधी सुटतो. राज्य सरकारला माल देत असाल तर लोकसभेसाठी हे कलम आड येत नाही, विधानसभेसाठी येतं. हे सगळं एकदा निवडणुकीची कामं करणाऱ्या वकिलाकडून लेखी घ्या. तोंडी सल्ल्यावर राहू नका.

नंतर येतं प्रतिज्ञापत्र, नमुना २६. धंदेवाईक माणसं याला आयकर रिटर्नसारखं समजतात आणि अडकतात. यात तुमचं, यजमानांचं, एकत्र कुटुंबाचं आणि अवलंबून असलेल्यांचं सगळं येतं: पाच वर्षांचं उत्पन्न, जमीन, सोनं, कर्ज, जीएसटीची थकबाकी, सरकारशी असलेले करार. घरातल्या माणसाच्या भागीदारीत किंवा खासगी कंपनीत असलेले करारसुद्धा. एकही रकाना कोरा सोडायचा नाही, तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. कोऱ्या रकान्यांवर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. आणि तुमच्यावर कुणी चेक न वटल्याची केस घातली असेल तर तीही बघा. व्यापारात ती वसुलीची रोजची बाब वाटते, पण कलम १३८ चा खटला फौजदारी आहे. प्रलंबित असेल तर तो लिहावा लागतो आणि पेपरात, टीव्हीवर तीन वेळा जाहीरही करावा लागतो. अशा केसेस जमत असतील तर आत्ताच मिटवा.

आता उदाहरणं. अनु आगांचं नाव इथे कुणी घेतलं नाही याचं मला वाईट वाटलं. पुण्याच्या थरमॅक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या. १९९६ मध्ये यजमान रोहिंटन आगा गेले आणि कंपनीची सूत्रं त्यांच्याकडे आली. पाठोपाठ तरुण मुलगा गेला. कंपनी तोट्यात गेली, शेअर कोसळला, बाहेरचे सल्लागार आणून त्यांनी ती पुन्हा उभी केली. २००४ मध्ये अध्यक्षपद मुलीकडे, मेहेर पदमजींकडे दिलं आणि स्वतः शिक्षणाच्या कामात उतरल्या. राज्यसभेवर त्यांची राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली २०१२ मध्ये. म्हणजे मधे आठ वर्षं गेली. त्या दिल्लीला गेल्या तेव्हा थरमॅक्सला त्यांची वाट बघावी लागत नव्हती. नियुक्त सदस्याला मतं मागावी लागत नाहीत हे खरं, म्हणून तुमची आणि त्यांची वाट एक नाही. पण धंदा सोपवायचा कसा, हे शिकायचं तर त्यांच्याकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं.

मतं मागण्याची बाजू मीरा सन्याल यांच्याकडे बघून कळते. त्या उद्योजिका नव्हेत, बँकर. २००९ मध्ये एबीएन अॅम्रो बँकेच्या भारतातल्या प्रमुख असताना रजा घेऊन त्या दक्षिण मुंबईतून अपक्ष उभ्या राहिल्या. मुंबईवरच्या हल्ल्यानंतरचे दिवस होते, सुशिक्षित उमेदवार हवेत असं सगळेच म्हणत होते. मतं पडली दहा हजारांच्या आसपास. त्या बँकेत परतल्या. मग २०१३ मध्ये नोकरी सोडली आणि २०१४ ला त्याच मतदारसंघातून आम आदमी पक्षातर्फे लढल्या. या वेळी चाळीस हजारांच्या आसपास मतं मिळाली. म्हणजे चौपट, तरीही अनामत गेली, कारण ती वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. त्यांच्या हुशारीबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. २०१९ च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांना आणखी दोन निवडणुका मिळायला हव्या होत्या, असं मला अजूनही वाटतं. रजेवरचा उमेदवार आणि नोकरी सोडून आलेला उमेदवार यातला फरक लोकांना कळतो. पण पूर्णवेळ उतरल्यावरही बूथवर माणसं नसतील तर मतं तिथपर्यंत येत नाहीत.

आणि पैसा? २०२४ मध्ये दक्षिण गोव्यात भाजपने पल्लवी धेंपो यांना उभं केलं. लोकसभेसाठी गोव्यात त्या पक्षाने दिलेल्या त्या पहिल्या महिला उमेदवार. त्यांच्या घरचा धेंपो उद्योगसमूह गोव्यात कोणाला सांगावा लागत नाही. प्रतिज्ञापत्र ११९ पानांचं होतं, आणि पतिपत्नींची मिळून मालमत्ता १,४०० कोटींच्या घरात. काँग्रेसच्या कॅप्टन विरियातो फर्नांडिस यांनी त्यांना १३,५३५ मतांनी हरवलं. पक्ष मोठा, पैसा होता, नाव होतं, आणि सासष्टी तालुक्याने कौल दुसरीकडे दिला. तेव्हा ‘किती कोटी लागतील’ हा हिशेब करत बसू नका. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख आहे. कर्ज काढून, कारखाना तारण ठेवून कुणी तुम्हाला उतरायला सांगत असेल तर तिथेच नाही म्हणा.

तुमच्या मतदारसंघाकडे याच नजरेने बघा. अठरा लाखांच्या घरात मतदार. विधानसभेचे सहा भाग: इचलकरंजी, हातकणंगले, शिरोळ, शाहूवाडी आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा. यंत्रमागवाले तुम्हाला ओळखतात ते इचलकरंजीत आणि फार तर आसपासच्या गावांत. शिरोळला ऊसदर आणि कृष्णेचा पूर यावर बोलावं लागतं. शाहूवाडी-शिराळ्याच्या डोंगरी वाड्यांवर सुताचा भाव कुणी विचारणार नाही, तिथे रस्ता, एसटी आणि मुंबईला गेलेली पोरं हा विषय. २०२४ ला ही जागा अवघ्या तेरा-साडेतेरा हजारांनी ठरली. निवेदिता माने या भागातून १९९९ आणि २००४ ला खासदार झाल्या, पण त्यांच्या मागे सासरे बाळासाहेब मान्यांची कैक वर्षांची खासदारकी आणि गावोगावची माणसं होती. तुमच्याकडे ते घराणं नाही. त्याला पर्याय एकच, स्वतः दोन-तीन वर्षं त्या सहा ठिकाणी फिरणं, आणि तेवढा वेळ कारखान्यातून मोकळा होणं. पक्षाला सांगा की मला आधी संघटनेत काम द्या. ते सांगितल्यावर जे गप्प होतील त्यांना उमेदवार नको होता, खर्च करणारं कुणीतरी हवं होतं.

काही जण तुम्हाला महिला आरक्षणाची वाट बघायला सांगत आहेत. २०२३ ची घटनादुरुस्ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला जोडलेली आहे, आणि कोणत्या जागा राखीव होतील हे आधी कुणालाच सांगता येणार नाही. २०२४ ला महाराष्ट्रातून ४८ पैकी सातच महिला लोकसभेत गेल्या. सुप्रिया सुळे, प्रणिती शिंदे, रक्षा खडसे, वर्षा गायकवाड अशी नावं बघितली तर बहुतेकींच्या मागे घरचं राजकारण आहे. शून्यातून कारखाना उभा केलेली बाई तिथे जाणं मला म्हणूनच फार गरजेचं वाटतं. जीएसटीचा परतावा अडकला की पगाराच्या शनिवारी काय होतं, हे सभागृहात स्वतःच्या अनुभवातून बोलणारं कुणीतरी हवं.

उभं राहायचं नक्की झालं तर हिशेबाचं एवढं ध्यानात ठेवा. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं. सगळा खर्च त्यातूनच. निवडणूक कार्यालयाकडून वही मिळते, तिची पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. एका माणसाला किंवा एका दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. धंद्यातल्या माणसांचे हात इथेच चुकतात. मी हिशेब लिहीत असलेल्या एका उमेदवाराच्या कारखान्याच्या मॅनेजरने मंडपवाल्याला सवयीप्रमाणे ड्रॉवरमधून पंचवीस हजार काढून दिले आणि पावती आणून माझ्यासमोर ठेवली. खर्च निरीक्षकांच्या तपासणीत ती नोंद निघाली, नोटीस आली, आणि प्रचाराचे मोलाचे दिवस खुलासे लिहिण्यात गेले. तेव्हा कारखान्याचा कॅशिअर प्रचाराच्या पैशाला हात लावणार नाही, कारखान्याचा टेम्पो झेंडे वाहणार नाही, कामगारांना पगारी वेळेत सभेला पाठवणार नाही, हे आधीच ठरवा. फुकट वापरलेल्या गाडीचंही भाडं तुमच्या खर्चात धरलं जातं. चहा, खुर्ची, मंडप यांचे दर जिल्हा प्रशासन ठरवतं, आणि तुमच्या वहीशेजारी त्यांची स्वतःची वही चालू असते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, नाहीतर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

निवडून आल्यावर कारखाना विकावा लागत नाही. खासदाराला मालकी ठेवता येते. मात्र केंद्र सरकारला माल विकणं तुमच्या नावाने पुन्हा सुरू करता येणार नाही, आणि पुढे मंत्रिपद आलं तर मंत्र्यांसाठीच्या आचारसंहितेप्रमाणे धंद्याच्या कारभारातून पूर्ण बाजूला व्हावं लागतं.

या आठवड्यात रेल्वेच्या कराराची प्रत काढा आणि पुरवठ्याची शेवटची तारीख व मुदतवाढीचं कलम इथे लिहा, रक्कम आणि नंबर झाकून. कारखान्यात तुमच्याशिवाय चेकवर सही कोण करतं आणि सूतखरेदी कोण ठरवतं, तेही सांगा. दोन्हींचं उत्तर ‘मीच’ असेल तर पक्षाला आत्ता होकार कळवू नका.