अठ्ठावन्न सेकंदांचा गोंधळ

प्रश्न : माझा मुलगा 22 वर्षांचा आहे. दर 23 ऑक्टोबरला रात्री साडेनऊला तो खाली पार्किंगमध्ये बाइक सुरू करतो आणि नुसता अॅक्सिलरेटर पिळत उभा राहतो. टाकीवर 58 आकडा चिकटवलाय. इटलीचा कुणी रेसर त्या तारखेला गेला म्हणे. न पाहिलेल्या, न भेटलेल्या पोराचं हे कसलं सूतक? आणि दुःख असेल तर माणूस गप्प बसतो ना? सोसायटीत बोलणी मी खाते.
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, तो रेसर म्हणजे मार्को सिमॉन्चेली, 58 हा त्याच्या गाडीचा नंबर. 23 ऑक्टोबर 2011, रविवार. दिवाळी तोंडावर होती. आमच्या घरी चकल्यांचा घाणा चालू आणि मी दुपारी दीडपासून टीव्हीसमोर. मलेशियातलं सेपांग, मोटोजीपीची (म्हणजे मोटरसायकलच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेची) शर्यत, दुसराच लॅप. अकराव्या वळणावर त्याच्या पुढच्या चाकाची पकड सुटली. एरवी असं झालं की गाडी आणि माणूस घसरत बाहेरच्या बाजूला जातात, रेसर कपडे झटकत उठतो. याने हँडल सोडलं नाही. टायरने पुन्हा पकड घेतली आणि गाडी उलट आतल्या बाजूला, ट्रॅक कापत आली. मागून येणाऱ्या कॉलिन एडवर्ड्स आणि व्हॅलेंटिनो रॉसी या रेसरना टाळायला जागाच नव्हती, त्यांच्या गाड्या त्याला धडकल्या. रॉसी तर त्याचा दोस्त. शर्यत थांबवली ती पुन्हा सुरूच झाली नाही. मार्को 24 वर्षांचा होता. आठवडाभर आधीच ऑस्ट्रेलियात दुसरा आला होता.

तो काही साधुसंत नव्हता हो. त्याच वर्षी फ्रान्समध्ये त्याच्याशी टक्कर होऊन पेद्रोसा या दुसऱ्या रेसरचं गळपट्टीचं हाड मोडलं, तेव्हा मीही त्याला शिव्या घातल्या होत्या. डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं, हेल्मेटमध्ये मावायचं कसं देव जाणे. पण 2008 मध्ये 250 सीसी गटाचा जगज्जेता होता, आणि गाडी चालवायचा ती माघारीची वाट न ठेवता. अशा पोरावर पोरं जीव टाकतात.

आता तुमचा गप्प बसण्याचा मुद्दा. दोन आठवड्यांनी व्हॅलेन्सियाला मोसमाची शेवटची शर्यत होती. त्याच्या वडिलांनी, पाओलोंनी सांगितलं, मिनिटभर शांतता नको, आवाज करा. इटालियनमध्ये त्यांनी वापरलेल्या शब्दाचा अर्थ सरळ ‘गोंधळ’. (आपल्याकडेही गोंधळ घालतात तो देवीसाठीच.) जुना जगज्जेता केविन श्वान्ट्झने मार्कोची गाडी ट्रॅकवर फिरवली, मागे बाकीचे रेसर, आणि मग सगळी इंजिनं एकदम रेझ केली, वर फटाके. बापाने मागितलेला आवाज होता तो. तुमचा लेक तोच करतोय, व्हिडिओ बघून शिकला असणार.

मार्कोच्या गावात, कोरियानोत, त्याच्या आठवणीचं एक शिल्प आहे. गाडीच्या सायलेन्सरसारखं. दर रविवारी त्यातून ज्वाळा निघते, बरोबर 58 सेकंद. हे त्याला सांगा, त्याला माहीत असेलच, पण तुम्ही सांगितलंत तर चेहरा बघा.

वेळ मात्र बदलायला लावा. रात्री साडेनऊ नाही, दुपारी दीड, शर्यतीचीच वेळ. शेजारच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. दुसरं, थंड इंजिन असं पिळू नये. आधी गल्लीला दोन चकरा मारून ऑइल गरम होऊ दे, मग गाडी न्यूट्रलमध्ये. कंपनीचा सायलेन्सर काढून ‘फटाका’ बसवला असेल तर आधी तो उतरवायचा, त्यावर मी त्याची बाजू घेणार नाही.

आणि घड्याळ घेऊन तुम्ही स्वतः खाली जा. एकोणसाठावा सेकंद लागला की ओरडा.