व्हर्च्युअल वर्ल्डचा सगळा यूआय नव्याने करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की तुमच्या छोट्या ऑनलाइन थ्रीडी वर्ल्डमध्ये नवीन लोक येतात आणि दहा मिनिटांत निघून जातात, इंटरफेस (म्हणजे यूआय, स्क्रीनवरची बटणं, मेनू वगैरे) जुनाट दिसतो, तर सगळाच नव्याने करावा का आणि जुने युजर चिडतील का. चिडतील, आणि त्यांचं चुकणार नाही. त्यामुळे लगेच नव्या स्क्रीनची डिझाइन काढायला बसू नका. आधी दोन माणसं बोलवा, एक ज्याने तुमचं वर्ल्ड कधीच उघडलेलं नाही आणि एक जो रोज तिथेच पडीक असतो, आणि त्यांच्या शेजारी बसून नुसतं बघा, मधे बोलू नका.

मी नाशिकला एका लहान टीममध्ये यूआयचं काम करते, काही वर्षांपूर्वी अगदी असंच काम आमच्याकडे आलं होतं. आम्ही पंचवटीतल्या एका रिटायर्ड सरांना टेस्टसाठी बोलावलं. वर्ल्डमध्ये बाग होती, बागेत बाक होता, सरांना सांगितलं की बाकावर जाऊन बसा. ते बरोबर बाकापर्यंत गेले, त्यावर क्लिक केलं, काही झालं नाही. परत क्लिक केलं, मग डबल क्लिक, मग त्यांचा अवतार, म्हणजे वर्ल्डमधला त्यांचा माणूस, बाकाला धडकत उभा राहिला. 'बसा' हे राइट क्लिकच्या मेनूत होतं आणि त्यांना राइट क्लिक करावंसं एकदाही वाटलं नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, बाकावर बसायला पण इथे परवानगी काढायची का?" आम्ही तोवर तीन आठवडे मेनूचे रंग आणि आयकॉन यावर भांडत होतो. त्या दिवशी संध्याकाळी बाकावर माउस नेला की कर्सर बदलेल आणि साध्या क्लिकने माणूस बसेल एवढंच केलं, मेनूला हात पण लावला नाही. नवीन माणसाची अडचण बहुतेक वेळा अशीच असते, बटण जुनाट दिसतं म्हणून तो जात नाही, समोरच्या वस्तूचं काय करायचं ते कळत नाही म्हणून जातो.

आता जुन्यांचं. आपल्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण सेकंड लाइफचं आहे, ते नीट वाचून काढा. हे वर्ल्ड 2003 साली लिंडन लॅब या कंपनीने सुरू केलं, आतलं जवळजवळ सगळं युजरनीच बांधलेलं. व्ह्यूअर म्हणजे ते वर्ल्ड बघायला कॉम्प्युटरवर टाकायचा प्रोग्रॅम. 2010 मध्ये त्यांनी व्ह्यूअर 2 आणला, हेतू चांगलाच होता, नवीन माणसाला ब्राउझरसारखं ओळखीचं वाटावं म्हणून वर अ‍ॅड्रेस बार, मागे-पुढे जायची बटणं, उजवीकडे एक मोठा साइडबार. पण इन्व्हेंटरी (युजरचं सगळं सामान), लोकांची यादी, प्रोफाइल सगळं त्या एका साइडबारात गेलं, म्हणजे एक उघडलं की दुसरं झाकलं जायचं. आधी लोक चार खिडक्या हव्या तिथे पसरून काम करायचे. आणि राइट क्लिक केल्यावर यायचा तो गोल 'पाय मेनू' (इंग्रजीतला pie, फोडी केलेल्या गोल केकसारखा) जाऊन साधी यादी आली. गोल मेनूत आठ फोडी असतात आणि प्रत्येक फोड ठरलेल्या दिशेला, त्यामुळे रोज वापरणारा माणूस वाचतच नाही, हात आपोआप त्या दिशेला जातो. यादी मात्र दर वेळी वाचावी लागते. दिसायला छोटा बदल आहे पण दिवसभर घरं बांधणाऱ्याला तो दर मिनिटाला टोचतो.

मग झालं काय की व्ह्यूअरचा कोड 2007 मध्येच ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही घेऊन बदलता येईल असा, झालेला होता, त्यामुळे लोकांनी बनवलेले फिनिक्स, फायरस्टॉर्म असे व्ह्यूअर होते आणि जुने लोक तिकडे गेले. फायरस्टॉर्मने पाय मेनू परत दिला आणि लॉगिनच्या वेळीच जुन्या वळणाचा की नव्या वळणाचा इंटरफेस हवा ते निवडायची सोय दिली. लिंडन लॅबनेही 2011 मध्ये व्ह्यूअर 3 मध्ये तो साइडबार काढला आणि बटणं डावी, उजवी, खाली हवी तिथे ओढून ठेवता येतील असं केलं.

आमच्या गावातलं सांगते म्हणजे लक्षात येईल. 2015 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीत सगळीकडे बॅरिकेड आणि बाण. बाहेरून आलेल्या भाविकांना त्या बाणांनी थेट रामकुंडाला नेलं, त्यांना ते हवंच होतं. पण माझे वडील चाळीस वर्षं ज्या बोळातून दूध आणायला जातात तिथे बाणाचा काय उपयोग, त्यांचे पाय त्या बोळाकडेच वळणार. बाण लावा, जरूर लावा, पण बोळ बंद करू नका.

म्हणून तुमच्याकडे कीबोर्डचे जे शॉर्टकट आहेत त्यांना अजिबात हात लावू नका, ते फुकटात जपता येतात. जुना लेआउट निदान काही महिने सेटिंगमध्ये ठेवा आणि तो सहज सापडेल असा ठेवा. सगळं एका रिलीजमध्ये बदलू नका, नाहीतर लोक नक्की कशावर चिडलेत तेच कळत नाही. आणि लहान लॅपटॉपवर टेस्ट करा हो, तुमच्या मोठ्या मॉनिटरवर जे पॅनल नाजूक दिसतं ते 1366 बाय 768 च्या स्क्रीनवर अर्धं जग गिळतं, आणि लोक ते जग बघायला आलेले असतात.

अजून एक, ज्याच्याबद्दल मला फार वाटतं. मराठी इंटरफेस देणार असाल तर तो शेवटी चिकटवू नका, पहिल्या स्केचपासून मराठी शब्द घालून बघा. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळीच्या उंचीत वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, खाली उकार कापला जातो, 'पूर्ण' वाचताच येत नाही. शब्द पण बोलीतले घ्या. आम्ही आधी 'वस्तुसूची' लिहिलं होतं, सरांनी ते दोनदा वाचून सोडून दिलं, 'माझं सामान' केल्यावर न विचारता उघडलं.

आमच्या वर्ल्डमध्ये फर्निचर बनवून विकणाऱ्या एक ताई होत्या, सगळ्यात जास्त त्याच चिडल्या होत्या, कारण 'बांधा'चं बटण आम्ही खाली डावीकडून उचलून बाजूच्या पॅनलमध्ये टाकलं होतं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी खुर्ची बनवून दाखवली, बोलता बोलता दर वेळी त्यांचा माउस त्या रिकाम्या कोपऱ्यात जायचा, त्यांना स्वतःला कळायचंही नाही. आम्ही बटण ओढून हलवता येईल असं केलं. चार महिन्यांनी त्या आपणहून नवीन लेआउटवर आल्या, ते एक बटण तेवढं खाली डावीकडे ठेवून.